मेल गेटवेसाठी कोणता वेब कन्सोल? प्रॉक्समॉक्स, आरस्पॅमडी आणि मेलवॉच

मेल गेटवे म्हणजे बाहेरची मेल आतल्या मेल सर्व्हरला देण्याआधी तपासणारा दारावरचा सर्व्हर. त्याचा कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधून चालणारं नियंत्रणाचं पान, निवडताना बहुतेक जण आधी आलेख बघतात. आज किती स्पॅम अडवला, किती व्हायरस सापडले, वगैरे. पण रोजच्या कामात कन्सोल उघडला जातो तो मुख्यतः एका तक्रारीसाठी: "पार्टी म्हणते सकाळीच पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवला, आपल्याकडे आलाच नाही." परचेसमधला माणूस फोन धरून थांबलेला असतो. ती मेल दारातच नाकारली, ग्रेलिस्टमध्ये (अनोळखी पाठवणाऱ्याला 'थोड्या वेळाने पुन्हा पाठव' सांगणारी सोय) थांबली, क्वारंटाइनमध्ये (संशयित मेल बाजूला ठेवायची जागा) पडली की आतल्या सर्व्हरने घेतली नाही, हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. माझ्या मते निवड याच कसोटीवर व्हावी आणि म्हणून हे तिन्ही कन्सोल मी त्याच नजरेने पाहिले आहेत.

मेलबॉक्स गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट 365 वर असतील आणि पुढे वेगळा गेटवे नसेल, तर तिथलाच लॉग सर्च किंवा मेसेज ट्रेस पुरेसा आहे. हा आढावा स्वतःचा लिनक्स गेटवे चालवणाऱ्यांसाठी आहे.

प्रॉक्समॉक्स मेल गेटवे म्हणजे डेबियन लिनक्सवर बांधलेली पूर्ण तयार यंत्रणा. मेल नेणारा पोस्टफिक्स, स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन, व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस हे सगळं एकत्र येतं. ही व्हिएन्नातल्या कंपनीची निर्मिती असून 2018 पासून मुक्त स्रोत आहे. आयएसओवरून बसवताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे यासाठी स्वतंत्र व्हीएम (आभासी मशीन) घ्या. किमान 2 जीबी रॅम लागते, पण क्लॅमएव्हीची भूक पाहता 4 जीबीच द्या. बसवून झालं की 8006 या पोर्टवर कन्सोल उघडतो. त्यात रिले डोमेन (ज्यांची मेल गेटवेने स्वीकारायची ती डोमेन) आणि आतल्या मेल सर्व्हरचा पत्ता भरा. बाहेरून येणारी मेल पोर्ट 25 वर आणि आतून बाहेर जाणारी पोर्ट 26 वर घेतली जाते. मेल सर्व्हरचा स्मार्टहोस्ट, म्हणजे बाहेर जाणारी मेल ज्याच्याकडे सोपवायची तो सर्व्हर, बदलताना हा 26 आकडा हमखास विसरला जातो. सबस्क्रिप्शन घेतलं नसेल तर पहिल्याच अपडेटला रिपॉझिटरी (अपडेटचा साठा) नकार देते, तेव्हा एंटरप्राइज रिपॉझिटरी बंद करून विनासबस्क्रिप्शनवाली चालू करावी. सबस्क्रिप्शन सर्व्हरमागे असतं, मेलबॉक्समागे नाही. पाचशे माणसांच्या कारखान्याला हा फरक मोठा आहे.

याची खरी ताकद ट्रॅकिंग सेंटरमध्ये आहे. पाठवणारा, घेणारा आणि वेळ टाकली की मेलचा सगळा प्रवास समोर येतो. हे पान थेट सिस्टिमचे लॉग वाचतं. त्यामुळे स्पॅमच्या चाळणीपर्यंत न पोहोचलेली, पोस्टफिक्सने दारातच परत पाठवलेली मेलही सापडते. ग्रेलिस्टच्या नोंदी दाखवण्यासाठी वेगळी खूण करावी लागते, ती करायला विसरू नका. मेल आतल्या सर्व्हरला पोहोचली की रांगेत अडकली, हेही तिथेच कळतं. पीओच्या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा याच दोन टोकांवर असतं.

आरस्पॅमडीची गोष्ट वेगळी आहे. ही गाळणी आहे, गेटवे नव्हे. तुमचा पोस्टफिक्स आधीपासून नीट चालत असेल तर मिल्टर (मेल येतानाच तपासणारा जोड) म्हणून 11332 पोर्टवर ती जोडायची, सोबत रेडिस हा मेमरीतला डेटाबेस बसवायचा. वेब कन्सोल 11334 वर आणि सुरुवातीला फक्त त्याच मशीनपुरता खुला असतो. दोन पासवर्ड ठेवता येतात, एक नुसतं बघण्यासाठी आणि दुसरा बदल करण्यासाठी. रेडिसची भर धरूनही मशीनवर फारसा भार पडत नाही.

मेल स्पॅम का ठरली, हे आरस्पॅमडीइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगत नाही. हिस्ट्रीत प्रत्येक मेलसमोर लागू झालेले नियम आणि त्यांचे गुण दिसतात: एसपीएफ चुकला म्हणून इतके, डीमार्क फसलं म्हणून इतके, आणि बेझने वजा केले ते इतके. (एसपीएफ आणि डीमार्क या पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का ते पाहणाऱ्या तपासण्या; बेझ म्हणजे आधीच्या मेलवरून शिकणारी पद्धत.) मूळ मांडणीत एकूण 4 गुणांना ग्रेलिस्ट, 6 ला हेडरमध्ये खूण आणि 15 ला नकार मिळतो. या मर्यादा कन्सोलमधूनच बदलता येतात. स्कॅनच्या टॅबमध्ये मेलचा पूर्ण सोर्स चिकटवून गुण तपासता येतात, ती स्पॅम की चांगली हे शिकवताही येतं. बेझ मात्र स्पॅम आणि चांगल्या अशा प्रत्येकी किमान 200 मेल शिकल्याशिवाय कामाला लागत नाही. तुमचा पत्रव्यवहार मराठीत असेल तर चांगल्या मेलच्या ढिगात ती मराठी पत्रं आवर्जून घाला.

पण पीओच्या कसोटीवर आरस्पॅमडी एकटी कमी पडते. पोस्टफिक्सने आरबीएलमुळे (स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी) किंवा चुकीच्या पत्त्यामुळे आधीच परतवलेली मेल तिच्यापर्यंत येतच नाही, मग हिस्ट्रीत कुठून दिसणार? पुढे पोहोचली का, हेही तिला माहीत नसतं. तिचं स्वतःचं क्वारंटाइन नाही. शिवाय हिस्ट्री सुरुवातीला 200 ओळींपुरतीच असते, गजबजलेल्या गेटवेवर ती सकाळच्या चहाआधी संपते. ओळी वाढवता येतात, तरी शोधासाठी पोस्टफिक्सचे लॉग हाताशी ठेवावेच लागतात.

मेलवॉच हा मेलस्कॅनर या मेल तपासणाऱ्या प्रोग्रामसाठीचा पीएचपीतला जुना कन्सोल. प्रत्येक मेलची नोंद मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीत जाते, त्यामुळे हवे तसे अहवाल काढता येतात. एका डोमेनच्या ॲडमिनला फक्त त्याच्याच डोमेनच्या मेल दाखवायची सोय त्यात पूर्वीपासून आहे. अनेक ग्राहकांची मेल एकाच गेटवेवरून नेणाऱ्यांना ती आजही उपयोगी पडेल. मात्र मेलस्कॅनरच्या आधी नाकारलेल्या मेल इथेही दिसत नाहीत, अपाचे, पीएचपी आणि डेटाबेस आपल्यालाच सांभाळावे लागतात आणि प्रकल्पाचा वेग मंदावला आहे. चालू असेल तर चालू द्या. नव्याने मी तो बसवणार नाही.

सुरक्षेबाबत दोन गोष्टी जपायलाच हव्यात. आरस्पॅमडीच्या मूळ मांडणीत त्याच मशीनवरून आलेल्या विनंतीला पासवर्ड लागत नाही. त्यामुळे तिथेच एनजिनएक्स हा वेब प्रॉक्सी बसवून कन्सोल घाईने बाहेर खुला केला आणि मूळ पत्ता पुढे पाठवणारे हेडर लावले नाहीत, तर बाहेरचा माणूसही आतला समजला जाऊ शकतो. त्यापेक्षा एसएसएच टनेलने (मशीनपर्यंतच्या सुरक्षित जोडणीतून) बघणं कितीतरी बरं. प्रॉक्समॉक्समध्ये अडचण अशी की वापरकर्त्यांचं क्वारंटाइन आणि ॲडमिनचा कन्सोल एकाच पोर्टवर आहेत. लोकांना घरून क्वारंटाइन उघडता यावं म्हणून 8006 सगळ्या जगाला खुला करू नका. पुढे प्रॉक्सी लावा आणि तिच्यातून क्वारंटाइनपुरताच रस्ता द्या. रोल (कुणाला काय करता येईल त्याच्या पातळ्या) मात्र छान आहेत: हेल्पडेस्कच्या मुलाला वेगळा, ऑडिटरला वेगळा. रूटचा पासवर्ड चारचौघांत फिरवायची गरजच उरत नाही.

लॉग किती दिवस ठेवायचे हा प्रश्न भारतात ऐच्छिक नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांना 180 दिवसांचे लॉग जपावे लागतात. प्रॉक्समॉक्सची आकडेवारी डेटाबेसमध्ये राहते, पण क्वारंटाइन मूळ मांडणीत 7 दिवसांचंच असतं आणि ट्रॅकिंग सेंटर लॉगच्या फायलींवर चालतं. जुन्या फायली पुसल्या गेल्या की शोधही संपतो. म्हणून कोणताही कन्सोल घेतलात तरी लॉग वेगळ्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवा.

डीएनएसकडेही लक्ष द्या. गेटवेवर स्वतःचा रिझॉल्व्हर (नावांची उत्तरं शोधणारा डीएनएस सर्व्हर) हवा. गूगलचा 8.8.8.8 लावला तर स्पॅमहाउससारख्या आरबीएल याद्या उत्तर देत नाहीत, आणि स्पॅम आत येऊ लागल्यावर दोष गाळणीला दिला जातो. नियमांच्या यादीत नावात 'ब्लॉक्ड' असलेला नियम वारंवार दिसू लागला की आधी हेच तपासावं.

सहकारी बँक, शाळा किंवा कारखाना, आयटीत एक-दोन माणसं आणि तक्रारी फोनवर येणाऱ्या, अशा ठिकाणी मी विचार न करता प्रॉक्समॉक्स सुचवेन. पोस्टफिक्स स्वतः जुळवणारा, लॉग वाचायला न कंटाळणारा ॲडमिन असेल, मेलचा ओघ मोठा असेल आणि आकडे ग्राफाना या आलेखांच्या साधनात न्यायचे असतील, तर आरस्पॅमडी घ्या. तिचा कंट्रोलर (वेब कन्सोल चालवणारा भाग) आकडे गोळा करणाऱ्या प्रोमिथियसला चालतील असे आकडे देतो.

तरी पैसे आणि वेळ घालण्याआधी चाचणीच्या डोमेनवर तीन मेल पाठवून बघा: एक चुकीच्या पत्त्यावर, एक स्पॅम ठरेल अशी, आणि एक आतला मेल सर्व्हर बंद ठेवून. मग ज्याने गेटवे बसवला नाही, अशा हेल्पडेस्कच्या माणसाला कन्सोलसमोर बसवा आणि तिन्ही शोधायला सांगा.