कॉमसॉलचं अकूस्टिक्स मॉड्यूल: पातळ पत्रा आणि कोंडलेली हवा

माझं काम बंद केबिनमधल्या घुमण्याचं. पत्रा थरथरतो, आतली हवा घुमते, आणि ती हवा पुन्हा पत्र्यावर दाब टाकते. हे गणित मी कॉमसॉल मल्टिफिजिक्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या अकूस्टिक्स (ध्वनीच्या) मॉड्यूलमध्ये करते.

मला त्यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की कपलिंग, म्हणजे हवा आणि पत्रा यांच्या गणितांची जोडणी, वेगळं ठेवलंय. हवेसाठी ‘प्रेशर अकूस्टिक्स’, पत्र्यासाठी ‘शेल’ आणि दोघांना जोडणारा ‘अकूस्टिक-स्ट्रक्चर बाउंडरी’ हा स्वतंत्र नोड. तो बंद केला की हवा आणि पत्रा आपापले मोड, म्हणजे ठराविक वारंवारतेला थरथरण्याचे नैसर्गिक आकार, दाखवतात. चालू केला की दोघांचं मिळून काय होतं ते दिसतं. ही तुलना केल्याशिवाय मी कुठल्याच उत्तरावर विश्वास ठेवत नाही.

नवीन माणसाला मी आधी साधा आयताकृती खोका करायला लावते. पाच भिंती कडक, सहावी म्हणजे 1 मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. खोका 1 मीटर लांब असेल आणि ध्वनीचा वेग 343 मीटर प्रतिसेकंद धरला, तर लांबीच्या दिशेचा हवेचा पहिला मोड 171.5 हर्ट्झला यायलाच हवा. तो जुळला की मगच कपलिंग. खोका उथळ असेल तर पत्र्याचा पहिला मोड चांगलाच वर सरकतो, कारण सगळा पत्रा एकदम आत येतो आणि कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी उलट रेटते. अर्धा पत्रा आत, अर्धा बाहेर अशा मोडला मात्र ती फारशी अडवत नाही. फार सुंदर दिसतं हे!

मेश, म्हणजे गणितासाठी मॉडेलचे केलेले छोटे तुकडे (एलिमेंट), पत्र्याकडे बघून ठरवा. 200 हर्ट्झला हवेतली तरंगलांबी सुमारे 1.7 मीटर, पण याच पत्र्यातली वाकण्याची लाट जेमतेम 22 सेंटिमीटरची. इथे पत्र्यावर बारीक एलिमेंट देऊन आत हवेत ते मोठे होत जाऊ देता येतात, त्यामुळे मेमरी बरीच वाचते. लॉस फॅक्टर, म्हणजे कंपनाची ऊर्जा किती विरते तो आकडा, आठवणीने भरा, नाहीतर अनुनादाची शिखरं वाटेल तेवढी उंच जातात.

मोठी केबिन आणि काही हजार हर्ट्झ असतील तर एलिमेंट पाडून सोडवण्याच्या या पद्धतीच्या मागे लागू नका. वारंवारता दुप्पट झाली की हवेतले एलिमेंट साधारण आठपट होतात, शिवाय हवेचा दाब आणि पत्र्याचं विस्थापन एकत्र आल्यावर समीकरणांचं मॅट्रिक्स सममित राहत नाही, त्यामुळे ते सोडवणं आणखी जड होतं. तिथे मी स्टॅटिस्टिकल एनर्जी अ‍ॅनालिसिसकडे, म्हणजे एकेका मोडऐवजी भागाभागातल्या सरासरी ऊर्जेच्या हिशेबाकडे, वळते.