पांढरी २ ची टिन व्हिसल: ९ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात ही व्हिसल, म्हणजे उभी धरून वाजवायची आयरिश बासरी, घेतली. ॲल्युमिनियमची नळी, डेल्रिन या कडक प्लास्टिकचं डोकं, मधे सूर जुळवायला सरकता सांधा, पट्टी डी, म्हणजे आपली पांढरी २. किंमत ९० युरोंच्या आसपास. तेव्हापासून ती जवळजवळ रोज वाजली आहे. घरी, नेदरलँड्समध्ये उट्रेक्टमधल्या आमच्या ५ जणांच्या बँडच्या तालमींत, आणि जानेवारीत फ्रीसलँडमधल्या एका जुन्या चर्चमध्ये सलग ३ दिवस माइकसमोर. त्या ३ दिवसांत तिच्याबद्दल जे कळलं ते आधीच्या ८ महिन्यांत कळलं नव्हतं, म्हणून इतके दिवस थांबून आत्ता लिहिते आहे.

बँडमध्ये मी सोडून सगळे डच. फिडल (म्हणजे व्हायोलिन), कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), बुझुकी (तारवाद्य), बाउरॉन (आयरिश डफ) आणि माझी व्हिसल. वाजवतो फक्त पारंपरिक आयरिश संगीत. डच माणसं आयरिश का वाजवतात, असं मला इथले आणि पुण्याचे दोघंही विचारतात. आमच्या फिडलवाल्या बाई साठीच्या पुढच्या आहेत. आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात मिलटाउन मॅलबे नावाच्या गावात १९७३ पासून दर जुलैत पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावानं उन्हाळी शाळा भरते, तिथे त्या तरुणपणापासून जात आल्या आहेत. त्यांच्याकडे शेकडो धुना तोंडपाठ आहेत आणि समोर कागद एकही नसतो. ज्यानं गुरूसमोर बसून ऐकत ऐकत शिकलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी मूळची बासरीवाली, त्यामुळे व्हिसल आठवड्यात हातात बसेल असं वाटलं होतं. भोकं ६, अंगठ्याला काम नाही, फुंक धरायची कसरत नाही, कारण आवाज तोंडाजवळची खाच काढते. आपल्या अलगुजासारखंच. पण बासरीची सवय इथे आडवी येते. बासरीत आपण आलापाचा श्वास पुरेपूर घेतो, वाक्य संपलं की थांबतो. आयरिश रील, म्हणजे नाचाची जलद धून, थांबतच नाही. ८ मात्रांचे नव्हे, ८ मापांचे (बारचे) दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, अशी ३२ मापं, ती सहसा तीनदा, आणि लगेच पुढची धून. मग श्वास घ्यायचा कधी? एखादा स्वर गाळून. कुठला स्वर गाळला तर धून लंगडत नाही, हे ठरवणं हीच या वाद्याची अर्धी विद्या आहे. या व्हिसलला हवा जरा जास्त लागते, त्यामुळे पहिले २ महिने माझा दम दुसऱ्या भागाच्या मध्यावर संपायचा.

जिग या दुसऱ्या नाचाच्या धुनेचंही तसंच. ६/८ म्हणजे दादरा, असं धरून वाजवायला गेले तर चाल जड झाली. फिडलवाल्या बाईंनी मला वाजवायचं थांबवून नुसतं पायानं ठोके द्यायला लावलं. तीन स्वरांच्या गटातला पहिला किंचित लांब, मधला चोरटा, तिसरा पुढच्या ठोक्याकडे ढकलणारा. ते अंगात उतरायला दिवाळी उजाडली.

या नळीचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे कट आणि रोल. कट म्हणजे वरचं बोट क्षणभर उचलून दिलेला स्पर्श, आपला कण म्हणा. रोलमध्ये एकाच लांब स्वराला एकदा वरून कट, एकदा खालून टॅप. जीभ लावायची नाही, सगळं बोटांनी. माझ्या पहिल्या १० युरोच्या पितळी व्हिसलवर हे स्पर्श गिचमीड व्हायचे. इथे प्रत्येक कट टिचकी मारल्यासारखा उमटतो. व्हिसलवादक मेरी बर्गिन यांचा १९७९ चा ‘फेडोगा स्टॉइन’ अल्बम ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल मी कुठल्या स्वच्छतेबद्दल बोलते आहे. मी तिथे पोचलेली नाही, पण वाद्य आड येत नाही.

आणखी एक गोष्ट बासरीवाल्यांसाठी. याच ६ भोकांवर डी ला सा धरला की बिलावल थाट मिळतो, ई ला सा धरला की काफी, ए ला धरला की खमाज. एक बोटही वेगळं ठेवावं लागत नाही. कितीतरी आयरिश धुना या तीन ठिकाणी बसतात. मूर्च्छना, म्हणजे त्याच स्वरांत सा हलवणं, वर्गात पाटीवर शिकले होते, हाताला कळल्या त्या इथे.

आता चर्च. बाहेर बर्फ नव्हतं, पण आत सकाळी ११ अंश होते. हवा थंड असेल तर फुंकवाद्य उतरतं. दर अंशाला साधारण ३ सेंट, आणि १०० सेंटचा एक अर्धस्वर. श्वासानं नळी थोडी तापते, तरी पहिल्या तासात मी फिडलच्या खालीच होते. सरकता सांधा पूर्ण आत ढकलला तेव्हा जुळलं. दुपारी हीटर चालला, तसा सांधा पुन्हा बाहेर. हा सांधा नसता तर आमचं रेकॉर्डिंग झालंच नसतं. दुकानात मला तो चैनीचा वाटला होता.

माइक आधी तोंडासमोर होता. हेडफोनमध्ये सूर कमी आणि फुसफुस जास्त. मग तो वर, नळीच्या मध्यावर रोखून, हातभर लांब लावला आणि आवाज गोल झाला. तेव्हाच हिचा दोषही उघडा पडला. वरच्या सप्तकात शेवटचे दोन स्वर बोचतात. घरी भिंती ते झाकतात, दगडी चर्च झाकत नाही. खालचा डी उलट दबका, जरा जोर दिला की उडी मारून वर जातो. कॉन्सर्टिनानं खालची बाजू सांभाळली म्हणून निभावलं. एकटीनं एअर, म्हणजे गाण्यासारखी संथ धून, वाजवायची असेल, तर या नळीवर खालच्या स्वरांना फार जपावं लागतं. माझी एअर सहाव्या टेकला जमली.

एक धून आम्हाला यादीतून काढावी लागली. पारंपरिक धुनेला संगीतकाराचं मानधन लागत नाही, म्हणून प्रत्येक धुनेचं मूळ तपासायचं ठरलं होतं. सेशनमध्ये, म्हणजे जमून वाजवायच्या बैठकीत, सगळे आयरिश समजून वाजवतात ती एक लाडकी धून निघाली सायमन जेफ्स या इंग्रज संगीतकाराची. त्यांना जपानात क्योटोच्या रस्त्यावर टाकून दिलेली पेटी (हार्मोनियम) सापडली आणि तिच्यावर ती धून सुचली. आपल्या घराघरातली पेटी अशी आयर्लंडमध्ये जाऊन पोचलेली पाहून मला फार बरं वाटलं, धून सोडावी लागली तरी.

रोजच्या वापरातलं सांगायचं तर पाणी. १५ मिनिटांत फुंकेच्या वाटेत वाफेचं पाणी साचतं आणि आवाज घोगरा होतो. खाचेवर बोट ठेवून जोरात एक फुंक मारली की मोकळा होतो. भांडी घासायचा साबण पाण्यात पातळ करून एक थेंब त्या वाटेतून सोडला आणि वाळू दिला, तर पाणी लवकर साचत नाही. वाजवण्याआधी डोकं मुठीत किंवा काखेत गरम करायचं. थंडीत हे चुकवून चालत नाही. सांध्याला महिन्यातून एकदा किंचित कॉर्क ग्रीस लावते. ९ महिन्यांत नळीवर एक ओरखडा सोडला तर काही झालेलं नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं सरळ हीच घ्यावी का? मी नाही म्हणेन. आधी १० युरोची घ्या, पण डोकं चिकटवलेलं असेल तर मिनिटभर गरम पाण्यात धरून पिळून मोकळं करा, म्हणजे तीही थोडीफार सुरात लावता येते. चार धुना दमासकट पूर्ण वाजू लागल्या आणि कुणाबरोबर बसायची वेळ आली, की मग सरकत्या सांध्याची घ्या. एकटं वाजवण्यात पट्टी थोडी इकडेतिकडे गेली तर कुणाला कळत नाही. शेजारी फिडल आली की पहिल्याच मापात कळतं.

मी आता हिच्याच जोडीला खालच्या सप्तकातली लो डी शोधते आहे, त्या एअरसाठी. बोटांची अंतरं माझ्या बासरीएवढीच आहेत, असं दुकानात धरून पाहिलं.