स्टेअरिंग खेळतंय: बॉल जॉइंट बदलावेत, बॉक्स उघडावा की पॉवर स्टेअरिंग बसवावं?

मे संपत आला की आमच्या कुडाळ भागात ट्रॅक्टरवाल्यांची धांदल उडते. मृग आठ-दहा दिवसांवर आणि वर्षभर ‘चलता हा’ म्हणत दामटलेली गाडी अंगणात उभी. गेल्या वर्षी शेजारचे काका असेच आले. गाडी जुनी, 35 हॉर्सपॉवरची, साधं हाताचं स्टेअरिंग. “मिस्त्री म्हणता, बॉक्सच बदलूक व्हयो.” हलवून बघितलं तर पुढची चाकं जागची हलायच्या आधी स्टेअरिंग चांगलं चार बोटं नुसतंच खेळत होतं. म्हटलं, “काका, तुमी वर बसा, मी खाली बघतंय.”

अर्ध्या तासात उलगडा झाला. बॉक्सच्या, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीच्या, वाट्याचा खेळ जेमतेम अर्धा इंच होता. बाकीचा सगळा ड्रॅग लिंकच्या (बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) दोन टोकांत आणि टाय रॉडच्या (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) एका सांध्यात. हे सांधे म्हणजेच बॉल जॉइंट, वाटीत फिरणारा चेंडू. बॉक्स बदलला असता तर पैसे गेले असते आणि गाडी होती तशीच डुलत राहिली असती.

यामागे एक साधा हिशोब आहे. ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला हलवणारा हात, 20 सेंटिमीटर लांब आणि बॉक्सचं प्रमाण 20 ला 1 धरा. मग खालच्या एका सांध्यातली 1 मिलिमीटरची झीज वर स्टेअरिंगच्या कडेला साधारण 2 सेंटिमीटर होऊन दिसते. असे तीन सांधे एकेक मिलिमीटर झिजले की वर सहा सेंटिमीटर झालेच. खाली बोटाला जेमतेम लागणारी ढिलाई वर वाटते मात्र भयंकर, म्हणून माणूस थेट बॉक्सवर संशय घेतो. तुमच्या गाडीची मापं थोडी वेगळी असतील, पण पट साधारण असाच. मेकॅनिकल स्टेअरिंगला कडेवर इंच-दीड इंच खेळ असायचाच. दोन इंचांच्या वर गेला तर शोधायला घ्या.

शोधायला दोन माणसं लागतात आणि एक खडू. चाकं जमिनीवर आणि सरळ ठेवायची. वरच्याने स्टेअरिंग हळू डावीकडे-उजवीकडे हलवायचं, खालच्याने एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचं. स्टेअरिंग फिरतंय पण ड्रॉप आर्म हलत नाही, तेवढा खेळ बॉक्सचा, नाहीतर आर्मचे दाते शाफ्टवर घासलेत. ड्रॉप आर्म हलतो आणि ड्रॅग लिंक मागाहून, तर तो बॉल जॉइंट गेला. टाय रॉड हलतो पण चाक थांबून राहतं, तर दुसरं टोक बघा. प्रत्येक ठिकाणी वर कडेला किती अंतर गेलं याची खडूने खूण करा. मग जॅकवर पुढचा अ‍ॅक्सल उचलून टायर वर-खाली धरून हलवा. तिथे खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनचं (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचं) बुश. हब (चाकाचा मधला भाग) आणि स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो दांडा) यांच्यात फट उघडझाप करते की स्पिंडल अ‍ॅक्सलमध्येच डुलतो, हे बघितलं की दोघांतला कोण ते कळतं. शेवटी पहार घालून अ‍ॅक्सलची सेंटर पिन (ज्यावर तो वर-खाली डुलतो ती मधली पिन) तपासा, तिला सगळेच विसरतात.

मॅसी 1035 सारख्या गाड्यांत बॉक्सच्या दोन्ही अंगांना हात निघतात आणि दोन लांब ड्रॅग लिंक थेट दोन चाकांकडे जातात, टाय रॉड नसतोच. तिथे डाव्या आणि उजव्या बाजूचा खेळ वेगवेगळा मोजावा लागतो. एका बाजूलाच जास्त आला तर बॉक्समधल्या दोन सेक्टरच्या (अर्धवट दातेरी चाकांच्या) आपसातल्या दातांकडेही बघावं लागतं.

आता काय करायचं ते. सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत आधी होणारा उपाय म्हणजे बॉक्सचा स्क्रू आवळणं. लॉक नट सैल करायचा, स्क्रू पाव आटा फिरवायचा, नट परत घट्ट. पैसा लागत नाही, म्हणून मिस्त्रीही खुश आणि मालकही. पण बॉक्स सगळीकडे सारखा झिजत नाही. आपण जास्त वेळ सरळच जातो, त्यामुळे दात मधोमध झिजतात. मधला खेळ पुरता घालवायला गेलात की पूर्ण वळणावर दात आवळतात, स्टेअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. आमची खाचरं गुंठ्यांच्या हिशोबातली. चिखलणीत दर दोन मिनिटांनी पूर्ण टोकापर्यंत वळवावं लागतं, म्हणजे नेमकं आवळलेल्या जागेवरच जोर. स्क्रूला हात लावायचाच असेल तर ड्रॅग लिंक सोडवून, स्टेअरिंग मधोमध आणून लावा आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा. कुठे अडलं तर मागे घ्या. काही बॉक्सना वरच्या बेअरिंगसाठी शिम, म्हणजे पातळ पत्रे, असतात. तो खेळ आधी काढायचा, स्क्रू नंतर. उलटं केलं तर दोन्ही चुकतात.

बॉल जॉइंट बदलण्याला खर्च येतो, पण शेकड्यांतला. काकांच्या गाडीला तीन लागले, दुपारपर्यंत काम आटोपलं. माझं मत विचाराल तर पहिला पैसा इथेच. कोकणात याला आणखी एक कारण आहे. चिखलणीत पुढची चाकं हबपर्यंत बुडतात, रबरी बूट फाटला की लाल गाळ थेट चेंडूवर बसतो आणि खाऱ्या वाऱ्याने उरलेलं काम गंजाकडे जातं. म्हणून ग्रीस निप्पल असलेलेच जॉइंट घ्या. बंद जॉइंटला ग्रीस लागत नाही हे खरं, पण एकदा पाणी आत शिरलं की बाहेर काढायची वाटच नाही. निप्पलवाल्याला संध्याकाळी दोन पंप मारले की जुनं ग्रीस गाळासकट बाहेर येतं.

बदलताना जुना जॉइंट किती आट्यांवर होता ते मोजून नवा तेवढ्याच आट्यांवर बसवा, म्हणजे चाकांचा रोख फारसा बिघडत नाही. तरी शेवटी दोन्ही टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजाच. पुढचं काही मिलिमीटरने कमी हवं, नेमकं किती ते गाडीच्या पुस्तकात असतं. कॉटर पिन मात्र नवीच घाला. जुनी सरळ करून परत घातलेली मी दोनदा पाहिली आहे, दोन्ही वेळा मोडायला आलेली. आणि कोणी म्हणालं, “चेंडू वेल्डिंग मारून घट्ट करून देतो,” तर पाना उचलून घरी या. स्टेअरिंगचे हात फोर्जिंगचे असतात, तापवले की कमजोर होतात. चिऱ्यांची ट्रॉली घेऊन उतारावर तो हात तुटला तर पुढचं काय, ते सांगायला नको.

किंगपिनचं काम लेथवाल्याकडे न्यावं लागतं. इथे एकच सावधगिरी: पिनवर चर पडला असेल तर नुसतं नवं बुश ठोकून उपयोग नाही. नव्या बुशात जुनी पिन पावसाळाभरही नीट चालत नाही. दोन्ही मिळूनच बदला, नाहीतर दोन्ही तसंच ठेवा आणि ग्रीसवर हंगाम काढा.

आता बॉक्स. मोजणीत इंच-दीड इंचाच्या वर खेळ बॉक्सचाच निघाला, तरच तो उघडा. त्याआधी भरणीचा बूच काढून आत तार बुडवून बघा. तेल दुधाळ आलं तर खालच्या सीलमधून पाणी शिरलंय. भातशेतीतल्या गाड्यांत हे फार. पाण्याने आतल्या गोळ्यांना आणि त्यांच्या वाटेला गंजाचे खड्डे पडतात, आणि मग कितीही आवळा, हाताला कटकट लागतेच. अशा वेळी दोन रस्ते: किट घालून तोच बॉक्स बांधणं, किंवा भंगारात निघालेल्या गाडीचा जुना बॉक्स आणणं. किट हजारांत जातं. गोळ्या, बेअरिंग, बुश, सील सगळं नवं येतं, पण वर्म (स्टेअरिंगच्या दांड्यावरचा आट्यांचा स्क्रू) आणि सेक्टर जुनेच राहत असतील तर मधली झीज तशीच. हे काम रोज बॉक्स बांधणाऱ्याकडेच द्यावं. आपल्याकडचा मिस्त्री हुशार असला तरी वर्षाला दोन बॉक्स बांधतो. करूळ किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेला तर उद्यमनगरात मशीनिंग करणारेही सापडतात. जुना बॉक्स घेताना हातात धरून या टोकापासून त्या टोकाला फिरवा. मधोमध किंचित जड लागला तर चांगला. मधे सैल आणि टोकांना जड असेल तर तो तुमच्याच बॉक्सचा भाऊ. तसल्याला पैसे घालण्यापेक्षा किट बरं.

पॉवर स्टेअरिंग बसवून घेण्याची टूम सध्या जोरात आहे, आणि ती उगाच नाही. खांदे दुखणाऱ्या माणसाला, किंवा पुढे लोडर लावणाऱ्याला, ते खरोखर वरदान. खाचरातली वळणं दोन बोटांनी होतात. खर्च मात्र दहा हजारांच्या पटीत, वर वेगळा पंप, पाइप, सिलिंडर आणि त्यांचं ऑइल. पण पॉवर स्टेअरिंगने खालचे सांधे नवे होत नाहीत. स्टेअरिंगवर खेळ जाणवेनासा होतो, चाकं मात्र डुलतच राहतात आणि आधी टायर सांगतात, मग किंगपिन. शिवाय घाटात इंजिन बंद पडलं तर हायड्रॉलिक स्टेअरिंग फिरतं खरं, पण पुरा जोर लावून. बसवायचंच तर सांधे आधी, पॉवर नंतर, आणि गाडी अजून पाचेक वर्षं ठेवायची असेल तरच. दोन वर्षांत विकायची असेल तर तो पैसा परत येत नाही, गिऱ्हाईक टायर आणि इंजिनच बघतं.

पेरणी तोंडावर आणि वेळ तीन दिवसच असेल, तर मी असं करीन: बॉल जॉइंट नवे, व्हील बेअरिंग आवळून ग्रीस, बॉक्सचं तेल दुधाळ असेल तर ते काढून नव्वद नंबरचं नवं. स्क्रूला हात नाही. बॉक्सचा उरलेला खेळ खडूने स्टेअरिंगवर मांडून ठेवायचा आणि गणपतीनंतर परत मोजायचा. काकांनी तेच केलं. चिखलणी निघाली, बॉक्स अजून उघडलेला नाही. परवा ते म्हणाले, मिस्त्री विचारत होता बॉक्सचं काय झालं. “सांगलंय, खडू पुसाक नाय अजून.”