‘भिया, लोखंड दे, बार घे’ : रूनस्केपच्या भट्टीवर चाललेली लूट

इंदूरच्या सुदामानगरातला एक कॉलेजचा मुलगा ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम खेळतो. आठ दिवसांत त्याचं गेममधलं ३,००० आयर्न ओर (कच्चं लोखंड) गेलं, ६,००० कोल (कोळसा) गेला आणि वर बाबांच्या खात्यातले १,४९९ रुपये गेले. कोणी हॅकिंग वगैरे केलं नाही. प्रत्येक वेळी ‘अॅक्सेप्ट’ त्यानेच दाबलं, पासवर्डही त्यानेच टाइप करून दिला. डाव साधा होता आणि स्मिथिंगचा, म्हणजे गेममधल्या लोहारकामाचा, हिशेब तोंडपाठ असणाऱ्याला तो पहिल्याच वाक्यात कळला असता. म्हणून आधी हिशेबच मांडतो.

स्मिथिंगमध्ये कामं दोन. भट्टीत ओर वितळवून बार (धातूची लगड) करायचा, मग ऐरणीवर बार ठोकून वस्तू करायची. दोन्हींचा एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते) वेगवेगळा मिळतो. आयर्न बार लेव्हल १५ ला करता येतो, एका बारला १२.५ एक्सपी. साध्या भट्टीत आयर्नचे निम्मे ओर वाया जातात आणि वाया गेलेल्याचा एक्सपीही मिळत नाही. रिंग ऑफ फोर्जिंग घातली तर एकही वाया जात नाही, पण ती अंगठी १४० ओरनंतर विरघळते. स्टील लेव्हल ३० ला. एक आयर्न ओर आणि दोन कोल, १७.५ एक्सपी. इथेच बहुतेक नवखे चुकतात : स्टील कधीच वाया जात नाही. पन्नास टक्क्यांची रड फक्त आयर्न बारची आहे.

ऐरणीवर एक्सपी बारमागे मोजला जातो. ब्राँझला १२.५, आयर्नला २५, स्टीलला ३७.५, मिथ्रिलला ५०, अॅडमंटला ६२.५, रूनला ७५. तलवार करा नाहीतर चिलखत, बारमागचा आकडा तोच. सिमिटर या वाकड्या तलवारीला दोन बार लागतात, दोन हाती तलवारीला तीन, प्लेटबॉडीला (छातीच्या चिलखताला) पाच. एकाच ठोक्यात पाच बार संपतात म्हणून लेव्हल वाढवणारे प्लेटबॉडी ठोकतात. २८ खणांच्या पिशवीत एक हातोडा आणि २५ बार, म्हणजे एका फेरीत पाच प्लेटबॉडी. स्टीलची प्लेटबॉडी ४८ ला उघडते, एका नगाला १८७.५ एक्सपी.

आता मुद्द्याची गोष्ट. एक्सपी ज्याच्या हातून काम होतं त्याला मिळतो. तुमचं ओर दुसऱ्याने वितळवलं तर वितळवण्याचा एक्सपी त्याच्या खात्यात जमा होतो. गेममध्ये याला कुठलीही पळवाट नाही.

हा मुलगा नेमका ४८ ला पोचला होता. लेव्हल ४८ म्हणजे ८३,०१४ एक्सपी. त्याच्याकडच्या मालातून ३,००० स्टील बार झाले असते. स्वतः वितळवले असते तर ५२,५०० एक्सपी, त्याच बारच्या ६०० प्लेटबॉडी ठोकून १,१२,५०० एक्सपी. एकूण २,४८,०१४, म्हणजे लेव्हल ५९ (ती २,४७,८८६ ला लागते). वितळवायचं काम दुसऱ्याला दिलं आणि त्याने इमानदारीने सगळे बार परत केले, तरी हा १,९५,५१४ वर थांबला असता, म्हणजे लेव्हल ५६. म्हणजे समोरचा संत असता तरी सौदा तोट्याचाच होता. वेळ वाचवायला लोक ग्रँड एक्सचेंजवर (गेममधल्या बाजारात) तयार बार विकत घेतात, ते वेगळं. तिथे माल आणि पैसे एकाच वेळी हात बदलतात.

झालं ते असं. गेममधल्या व्हॅरॉक शहरात, पश्चिम बँकेजवळच्या (बँक म्हणजे खेळाडूंनी माल ठेवायची जागा) ऐरणींवर हा आयर्न ठोकत असताना शेजारी उभ्या एका खेळाडूने विचारलं, ‘‘भिया, इंदौर से?’’ याच्या नावामागे शहराच्या पिनकोडचे आकडे होते, त्यावरून ओळखलं असणार. मग छप्पन दुकानवरचे पोहे, राजवाड्यावरची गर्दी, अशा गप्पा सुरू झाल्या. परक्या मुलखातल्या सर्व्हरवर कोणी ‘भिया’ म्हटलं की इंदूरचा माणूस तिथेच विरघळतो, मराठी घरातला असला तरी. हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

दोन दिवसांनी विषय निघाला, ‘‘तेरा आधा लोहा जल जाता है ना?’’ माझ्याकडे अंगठ्या पडल्यात, मी शंभरच्या शंभर बार करून देतो, दहा टक्के माझे. पहिल्यांदा १०० ओर दिले, ९० बार आले. दुसऱ्यांदा ५०० दिले, ४५० आले, तेही दहा मिनिटांत. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. ५०० ओर अंगठी घालून वितळवायला चार अंगठ्या आणि अठराएक फेऱ्या लागतात. दहा मिनिटांत ते होत नाही. त्या माणसाने काहीच वितळवलं नव्हतं. त्याने ग्रँड एक्सचेंजवरून ४५० बार विकत घेतले आणि याच्या हातात ठेवले. गळाला लावलेलं पीठ ते एवढंच, आणि मासा मोठा असेल तर स्वस्तच पडतं.

तिसऱ्यांदा सगळा साठा मागितला. ‘‘स्टील में भी आधा जलता है, पूरा दे दे, एक बार में निपटा देता हूँ.’’ स्टीलबद्दलचं हे वाक्य धडधडीत खोटं होतं. पण आयर्न जळताना याने महिनाभर पाहिलं होतं, त्यामुळे स्टीलही जळत असेल हे त्याला पटलं. अर्धं खरं आधी सिद्ध करून दाखवायचं आणि उरलेलं खोटं त्याच्याच पाठीवर चढवायचं, ही त्यांची पद्धत.

ट्रेडची खिडकी दोन टप्प्यांत उघडते. पहिल्या टप्प्यात दोघं आपापला माल ठेवतात. ओर बँकेतून ‘नोट’ करून (मालाऐवजी चिठ्ठीच्या रूपात) काढले की ३,००० ओर एकाच खणात मावतात, त्यामुळे डोळ्यांना फार मोठं काही देतोय असं वाटतही नाही. दोघांनी मान्य केलं की दुसरा टप्पा : डावीकडे तुम्ही काय देताय, उजवीकडे तुम्हाला काय मिळतंय. समोरच्याने काहीच ठेवलं नसेल तर उजवीकडे गेम स्वतःच लिहितो, ‘अॅब्सोल्यूटली नथिंग!’ उद्गारचिन्हासकट. हे शब्द त्या मुलाने तिन्ही वेळा पाहिले. पहिल्या दोन वेळा त्यानंतर बार आले होते, म्हणून तिसऱ्यांदा ते त्याला सवयीचे वाटले. समोरचा लॉगआउट झाला, फ्रेंडलिस्टवरचं नाव लाल झालं ते झालंच.

सराफ्यात दिवसा सोनं गाळायला टाकणारा माणूस आधी वजन करून घेतो आणि पावती खिशात टाकतो. गेममध्ये पावती म्हणजे ती दुसरी खिडकी. तिच्या उजव्या बाजूला ठरल्याप्रमाणे माल दिसत नसेल तर ‘डिक्लाइन’, समोरचा शाळासोबती असला तरी. याच जातीचं आणखी एक जुनं गाणं म्हणजे ‘तुझं रून चिलखत फुकट ट्रिम करून देतो’, म्हणजे काठ लावून देतो. ट्रिम केलेलं चिलखत कोणताही खेळाडू बनवू शकत नाही, ते ट्रेझर ट्रेल्सच्या (गेममधल्या खजिनाशोधाच्या) पेट्यांतूनच निघतं. स्मिथिंग ९९ असलेला माणूसही साधी रून प्लेटबॉडीच ठोकू शकतो, सोनेरी काठ नाही.

दुसरा घाव तीन दिवसांनी बसला. डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर एकाने निरोप पाठवला की तुझ्याबरोबर काय झालं ते कळलं, आम्ही नुकसान भरून देतो, ४८ चं थेट ६० करून देतो, दोन रात्री, १,४९९ रुपये. नुकसानीची बातमी याने कोणाला सांगितली नव्हती. मग ती त्याला कळली कशी, हा प्रश्न त्या क्षणी सुचला नाही. पैसे बाबांच्या फोनवरून यूपीआयने गेले. मग ईमेल, पासवर्ड आणि गेममधल्या बँकेचा पिन मागितला, ‘‘बार बँक में रखने पड़ेंगे ना’’.

हा बँक पिन चार आकड्यांचा असतो आणि फार उपयोगी असतो. लॉगिन चोरीला गेलं तरी पिन ठाऊक नसेल तर बँकेतल्या मालाला हात लावता येत नाही. पिन काढून टाकायची विनंती केली तर तुम्ही आधी ठरवल्याप्रमाणे तीन किंवा सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्यात तुम्ही लॉगिन करून ती विनंती रद्द करू शकता. सात दिवसच ठेवा. पण पिन आपणच सांगितला तर कुलूप लावून किल्ली दाराला टांगल्यासारखंच.

पहिल्या रात्री ४८ चं ४९ झालं. पोरगं खूश. ४८ ते ४९ अंतर ८,७०७ एक्सपीचं. सत्तेचाळीस प्लेटबॉडी, २३५ बार, दहा फेऱ्या. ऐरण बँकेजवळची असेल तर पाच-दहा मिनिटांचं काम, आणि बार याच्याच नाण्यांनी घेतलेले. एवढ्यावर ‘काम चालू आहे’ असा स्क्रीनशॉट पाठवून मुलाला झोपवलं. सकाळी बँक रिकामी, अंगावरचं सामान काढलेलं, ईमेल बदललेला.

पैसे देऊन लेव्हल वाढवून घेणं आणि खातं दुसऱ्याला वापरायला देणं, दोन्ही गेमच्या नियमांविरुद्ध आहे. म्हणजे चोर पकडला जाण्याआधी तुमच्याच खात्यावर बंदी येऊ शकते. शिवाय फसवणुकीत गेलेला माल कंपनी परत देत नाही, त्यामुळे ‘सपोर्टला लिहिलं की मिळेल’ या आशेवर कोणी राहू नये. गेममध्ये कंपनीच्या माणसांच्या नावाशेजारी सोनेरी मुकुट असतो आणि ते पासवर्ड कधीच विचारत नाहीत. डिस्कॉर्डवर मुकुटाचं चित्र कोणीही लावतं.

मग ४८ वरून वर जायचं कसं? अगदी सुरुवात करणाऱ्याने आधी ‘नाइट्स स्वोर्ड’ क्वेस्ट (मोहीम) करावी. १२,७२५ एक्सपी एकदम मिळतात आणि लेव्हल १ ची थेट २९ होते, पैसे भरून घ्यायचं सदस्यत्वही लागत नाही. दोन आयर्न बार, एक रेडबेरी पाय, मायनिंग १० आणि कुदळ, एवढ्यात काम होतं.

सदस्य असाल तर केल्डाग्रिम शहरातली ब्लास्ट फर्नेस ही भट्टी. ‘जायंट ड्वार्फ’ क्वेस्ट नुसती सुरू केली तरी आत जाता येतं. तिथे आयर्न अजिबात वाया जात नाही आणि कोळसा निम्मा लागतो. स्टीलला दोनऐवजी एक, मिथ्रिलला चारऐवजी दोन. खर्च मात्र आधी मोजा : तासाला ७२,००० नाणी पेटीत, आणि स्मिथिंग ६० च्या खाली असेल तर फोरमनला दर दहा मिनिटांना २,५००. म्हणजे ४८ वाल्याला तासाचे ८७,००० पडतात. बार गरमच उचलायचे तर बर्फाचे हातमोजे हवेत. ते नसले तर दरवेळी बादलीभर पाणी ओतत बसावं लागतं.

आणि ज्याला शस्त्रंच घडवायची हौस आहे त्याने जायंट्स फाउंड्रीकडे जावं. लेव्हल १५ आणि ‘स्लीपिंग जायंट्स’ क्वेस्ट पुरे. एका तलवारीला २८ बार. सगळे एकाच धातूचे टाकण्यापेक्षा दोन धातूंचे १४-१४ टाकले तर तलवार जास्त चांगली होते. साचे निवडताना तिथे तलवार मागणाऱ्या कोव्हॅकने काय मागितलंय ते वाचा (अरुंद की रुंद, हलकी की जड, सपाट की काटेरी), लोक इथेच घाई करतात. मग तापमान सांभाळायचं : लाल पट्ट्यात हातोडा, पिवळ्यात सहाण, हिरव्यात पॉलिशचं चाक. हातोडा आणि चाक तलवार थंड करतात, सहाण तापवते. म्हणून सहाणेवर जाताना पट्ट्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात करावी, नाहीतर दोन वळणांत तलवार लाल होते आणि दर्जा उतरतो. लोहारपट्टीतल्या कुठल्याही जुन्या कारागिराला हे सांगावं लागणार नाही. या सगळ्यात कुठेही दुसऱ्या खेळाडूच्या हातात माल द्यावा लागत नाही, हा फाउंड्रीचा मोठा गुण.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ज्याच्या खात्यातून रक्कम गेली त्याच्या नावाने, म्हणजे इथे बाबांच्या. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. या मुलाने ओरडा बसेल म्हणून चार दिवस घरी सांगितलंच नाही. तक्रारीत रक्कम, तारीख, वेळ, समोरचा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहा, डिस्कॉर्डवरचं संभाषण खोडण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट काढा. ३,००० लोखंडाची हकीकत दोन ओळींत आटपा. ठाण्यातल्या साहेबांना लोखंड म्हटलं की सांवेर रोडवरचा कारखाना आठवतो, आणि अर्धा तास तेच समजावण्यात जातो.