साडेआठ हजारांची नेतृत्व कार्यशाळा: निम्मे पैसे वसूल

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. 4 सीएनसी, 2 व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीनं), 31 माणसं. फौंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग करून आम्ही पुढं पाठवतो. गेल्या महिन्यात कोल्हापुरातल्या एका हॉटेलात ‘अनिश्चित काळातलं नेतृत्व’ ही दोन दिवसांची कार्यशाळा केली. फी 8,500, जेवणासकट.

पहिला दिवस पाण्यात. सकाळी दीड तास ‘व्हुका’, म्हणजे अस्थिर, अनिश्चित, गुंतागुंतीची आणि संदिग्ध परिस्थिती. अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजातून आलेला शब्द, स्लाइडवर वादळात सापडलेलं जहाज. समोर बसलेल्यांनी 2019 आणि 2021 चा पूर बघितलेला. हायवेवर पाणी आणि माल भरलेली गाडी गेटातच उभी. 2020 ला तर 1 एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, येणार म्हणून जुन्या पार्टची शेड्यूलं (गिऱ्हाइकाकडून येणारी मागणी) आधीच उतरली होती, त्यात मार्चअखेर लॉकडाउन. अनिश्चितता म्हणजे काय, हे आम्हाला सांगायला पुण्याहून माणूस कशाला आणायचा? दुपारी फुगे फुगवायचा खेळ झाला. तांबडा-पांढरा मात्र झकास होता.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त बँक अधिकारी आले. स्लाइड नाही, काही नाही. प्रत्येकाच्या हातात आखलेला कागद, त्यावर 13 आठवड्यांचे 13 रकाने. “विक्री सांगू नका. त्या आठवड्यात खात्यात काय येणार आणि काय जाणार, तेवढंच लिहा.” मी लिहीत गेलो आणि सहाव्या आठवड्यात अडकलो. पगार, वीजबिल आणि मशीनचा हप्ता एकाच आठवड्यात, आणि मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे आठव्यात. ऑर्डरी फुल्ल असून ही गत!

मग त्यांनी विचारलं, शेड्यूल पाव हिश्शानं घटलं तर आधी काय बंद करणार? क्रम आजच लिहा. बहुतेकांनी ओव्हरटाइम, मग रात्रपाळी, मग हेल्पर असं लिहिलं. ते म्हणाले, “मालकाची महिन्याची उचल कुणाच्याच यादीत नाही?” हॉलमध्ये कुणी मान वर करेना. मीही नाही.

एक गोष्ट पटली नाही. छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, हा 2006 चा कायदा त्यांनी नीट समजावला. पण जो शेड्यूल देतो त्याच्याकडं व्याज मागायचं कुणी?

जाणार असाल तर एकटे जाऊ नका, सुपरवायझरला न्या. मी तो कागद आमच्या सुपरवायझरला, मामांना दाखवला. 22 वर्षं शॉपमध्ये आहेत. म्हणाले, “लॉकडाउनला हेच केलं की मालक, नुसतं लिहून ठेवलं नव्हतं.” आता दर सोमवारी आम्ही दोघं मिळून तो भरतो.

5 पैकी 3. मामांना पाठवायचं म्हणून फोन करून विचारलं, फक्त दुसऱ्या दिवसाची फी किती? उत्तर आलं, सर्टिफिकेट दोन्ही दिवसांचंच मिळतं.