एका हातात मँटिकोर होतो का? सिटाडेल कॉन्ट्रास्ट रंग

2019 साली गेम्स वर्कशॉप या खेळातल्या छोट्या मूर्ती बनवणाऱ्या कंपनीने सिटाडेल कॉन्ट्रास्ट हे मूर्तींचे रंग आणले तेव्हा दावा सरळ होता: पांढुरक्या प्रायमरवर एकच जाड हात द्या, उजेड-सावली आपोआप पडते. शिपायांच्या पलटणीवर तो बराचसा खरा ठरतो. मँटिकोरवर निम्माच. सिंहाचं धड, वटवाघळाचे पंख आणि विंचवाची नांगी एकाच मूर्तीत असल्यामुळे रंग कुठे चालतो, कुठे अडतो हे लगेच कळतं.

आयाळीवर तो अप्रतिम आहे. वायल्डवुड ही तपकिरी छटा काही न मिसळता भरपूर लावा. ब्रश टेकला की रंग केसांच्या खाचांत उतरतो, टोकं फिकट राहतात आणि मुळं काळपट होतात. धडासाठी स्केलेटन होर्ड आणि स्नेकबाइट लेदर समसमान घेतले की सिंहाचा पिवळसर तपकिरी रंग मिळतो. पोटाखाली आणि काखेत मात्र रंग साचतो. ओला असतानाच, पुसून घेतलेल्या किंचित दमट ब्रशने तो टिपून काढा. अर्धवट सुकल्यावर हात लावलात की साय फाटल्यासारखा थर निघतो आणि खालचं प्रायमर दिसतं. तिथे पुन्हा रंग भरला तर कडेला चहाच्या कपासारखं वर्तुळ उमटतं.

नांगीच्या पेऱ्यांवर ब्लॅक टेम्प्लर थेट लावू नका, सगळे बारकावे गिळतो. तेवढंच कॉन्ट्रास्ट मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचं द्रव, मिसळा. पाण्यावर भागवायला गेलात तर रंग धब्ब्याधब्ब्यांनी सुकतो.

खरी पंचाईत पंखांची. पडदा सपाट, रंगाला थांबायला खाच नाही, म्हणून ढगाळ डाग पडतात. पंख धडाला चिकटवण्याआधी वेगळेच रंगवा. एक भाग फ्लेश टेअरर्स रेड आणि तीन भाग मीडियम, असे दोन पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू द्यायचं. दोन हाडांमधला एक कप्पा एका दमात संपवा आणि पंख आडवा ठेवून सुकवा. उभा ठेवला तर रंग खालच्या कडेला ओघळतो. एवढं करूनही समाधान होत नसेल तर पंखांना साधा अ‍ॅक्रिलिकच बरा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रायमर निवडताना वरचा रंग डोळ्यांसमोर ठेवा. सिटाडेलच्या प्रायमरांपैकी रेथबोन उबदार, ग्रे सीअर थंड. या मूर्तीला रेथबोनच शोभतो. दमट हवेत फवारलात तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि कॉन्ट्रास्ट तो दोष झाकत नाही, उलट दाखवतो. साच्याच्या रेघांचंही तेच. चाकूच्या पाठीने आधीच खरवडून घ्या.

टिकाऊपणात रंग कमी पडतो. नख्या, शेपटीचं टोक, पंखांच्या कडा बोट लागून लागून पांढऱ्या पडतात. मूर्ती बुचावर रोवून, बुचालाच धरून रंगवा आणि ड्रायब्रशच्या (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासण्याच्या) आधी मॅट वार्निश द्या. 18 मिलीची डबी धक्क्याने लवंडते, तेव्हा लागेल तेवढा रंग पॅलेटवर काढून झाकण लगेच लावा.

ड्रॉपरची बाटली हवी असेल तर आर्मी पेंटर कंपनीचा असाच स्पीडपेंट आहे. फक्त 2.0 आहे ना ते पाहून घ्या. पहिल्या आवृत्तीतला सुकलेला रंग वरून ओला ब्रश फिरला की पुन्हा सुटायचा.