सगळं डोक्यावरून जातं : एसडीआर डाँगल, दहा महिन्यांनंतर

पेनड्राइव्हपेक्षा थोडं मोठं, पत्र्याच्या कवचातलं एक काळं उपकरण. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला अँटेना पिळून बसवायची सोनेरी जागा. पडदा नाही, बटण नाही. लॅपटॉपला लावलं की एवढासा दिवा लागतो आणि दहा मिनिटांत ते हाताला चांगलंच गरम लागतं. फेब्रुवारी २०२५ पासून हा एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) डाँगल माझ्याकडे आहे. लॅपटॉपला जोडून रेडिओलहरी ऐकायच्या, हे त्याचं काम. त्याच्यानंतर आलेलं स्मार्ट घड्याळ कधीच खणात जाऊन पडलं. हा मात्र अजून रोज लागतो, तेव्हा दहा महिन्यांनी त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही.

माझी ओळख म्हणाल तर विज्ञानकथा वाचून वाया गेलेला माणूस. नवं यंत्र दिसलं की हात शिवशिवतात, आणि ते घेताना मनात कुठेतरी असतं की या वेळी तरी कथेतल्यासारखं काहीतरी होणार. होत नाही. नवा फोन पंधरा दिवसांत नुसता फोन होतो. बोलका स्पीकर सकाळी उठवण्यापुरता उरतो. डाँगल घेतानाही माझी अपेक्षा तेवढीच होती.

ही वस्तू मुळात टीव्हीसाठी बनलेली. आत आरटीएल२८३२यू नावाची चिप असते, तिचं काम लॅपटॉपवर डिजिटल टीव्ही दाखवणं. २०१२च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं की ही चिप अँटेनाकडून आलेल्या लहरींचे कच्चे आकडे जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते. मग उरलेला रेडिओ सॉफ्टवेअरमध्येच बनवता येतो. माझ्याकडच्या डाँगलचा पल्ला साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. एफएम, विमानं, उपग्रह, कुणाच्या तरी खिडकीतला बिनतारी तापमापक, सगळं त्यात येतं. फक्त एका वेळी दोन-सव्वादोन मेगाहर्ट्झएवढीच फट उघडते. त्या फटीतून बघायचं.

बघायचं हा शब्द मुद्दाम वापरला. कारण यातली खरी गंमत धबधब्यात आहे. वॉटरफॉल म्हणतात त्याला : पडद्यावर आडवी फ्रिक्वेन्सी, आणि वेळ वरून खाली सरकत जातो. जिथे सिग्नल असेल तिथे उजळ रेघ उमटते. पहिल्या संध्याकाळी मी एफएमच्या जाड पट्ट्या बघितल्या, दोन गाणी ऐकली आणि 'बरं, मग?' असं म्हणून झोपलो.

चौथ्या दिवशी नोआ-१५ भेटला.

हा अमेरिकेचा हवामान उपग्रह, १९९८ साली सोडलेला. आयुष्य दोन वर्षं धरलं होतं. मी त्याला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला सत्तावीस पूर्ण व्हायची होती. तो पृथ्वीचं चित्र सतत खाली पाठवत असे, सेकंदाला दोन ओळी, १३७.६२ मेगाहर्ट्झवर, कुणीही घ्यावं असं उघड. डाँगलबरोबर आलेल्या अँटेनाच्या दोन दांड्या टेपने मोजून ५३-५३ सेंटिमीटर केल्या, दोहोंमध्ये १२० अंशांचा कोन ठेवला, गच्चीवर आडव्या धरल्या आणि उत्तर-दक्षिण लावून बसलो. शेजारचे काका कपडे वाळत घालायला आले होते. "काय रे, टीव्ही येत नाही का?" म्हणाले. 'उपग्रहाची वाट बघतोय' हे खरं उत्तर द्यायचा धीर झाला नाही. "हो, जरा बघतोय," म्हटलं.

वेळ झाली. धबधब्यात काही नाही. एक मिनिट गेलं. मग उजवीकडे, हिशेबापेक्षा तीनेक किलोहर्ट्झ वर, पुसट रेघ उमटायला लागली. इअरफोनमध्ये खरखरीच्या मागून शीळ आली, आणि त्या शिळेत घड्याळ असावं तशी टिक-टक, टिक-टक. प्रत्येक टिक म्हणजे चित्राची एक ओळ. रेघ हळूहळू डावीकडे झुकत गेली, उपग्रह डोक्यावर आला तेव्हा झपाट्याने तिरकी झाली आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ होत विरली. बारा मिनिटं. हात अवघडले होते, पण दांड्या खाली ठेवल्या नाहीत.

त्या झुकण्याला डॉप्लर म्हणतात हे मला शाळेपासून पाठ होतं. पुढे येणारी शिट्टी चढी, लांब जाणारी उतरती, गाडीचं चित्र, परीक्षेत दोन मार्क. पण इथे ती रेघ माझ्यासमोर वाकत होती, कारण आठशे किलोमीटर वर एक वस्तू सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने जात होती. जमिनीवरची सगळी स्टेशनं धबधब्यात सरळ उभी असतात. वाकतं ते चालतं. (अपवाद भूस्थिर उपग्रहांचा. ३५,७८६ किलोमीटरवर बसून ते पृथ्वीबरोबर फिरतात, त्यामुळे त्यांचीही रेघ सरळ. तिथून जगभर दळणवळण करता येईल हे विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्कने १९४५ सालीच लेख लिहून मांडलं होतं, तेव्हा पहिला उपग्रहसुद्धा बारा वर्षं लांब होता. आमच्या जमातीतला माणूस तो.)

चित्र मात्र भयाण निघालं. अर्ध्या भागात ढग, अर्ध्यात करड्या मुंग्या. त्या मुंग्यांनी पुढचे तीन आठवडे खाल्ले, आणि त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला त्या येणारच.

पहिला संशय डाँगलवर गेला, दुसरा अँटेनावर. दोघेही निर्दोष निघाले. चोर घरातच होता. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून एका रात्री घराचा मेन स्विच बंद केला, तर धबधबा पाटी पुसल्यासारखा स्वच्छ! मग एकेक वस्तू परत चालू करत गेलो. फोनचा चार्जर लावला की दर काही किलोहर्ट्झवर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. आणि व्हरांड्यातला एलईडी दिवा, ज्याच्यावर कुणाचा कधी संशय जाणार नाही, तो तर सगळा पट्टाच धूसर करत होता. आतली स्वस्तातली सर्किट अशीच ओरडत असतात, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. दिवा बदलला. डाँगल थेट लॅपटॉपला न खोचता दोन मीटरच्या यूएसबी केबलने लांब नेला, कारण लॅपटॉपही कमी बडबड्या नाही. गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती वाढवायचा तो आकडा, ऑटोमॅटिक ठेवला होता, तो हाताने लावायला शिकलो : आकडा वाढवत जायचं आणि सिग्नलपेक्षा खरखर जास्त वाढायला लागली की एक पायरी मागे. शेवटी एफएमचा पट्टा अडवणारा फिल्टर घेतला, कारण जवळचं दणदणीत स्टेशन या बिचाऱ्या आठ बिटांच्या रेडिओचे कान बसवतं. एवढं झाल्यावर मुंग्या गेल्या.

त्यानंतरचे महिने मजेत गेले. फोनमध्ये उपग्रहांचं वेळापत्रक, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. घरचे म्हणायला लागले, "तुझी गाडी आली वाटतं." विज्ञानकथांमध्ये अंतराळ म्हणजे एक भव्य प्रवास असतो, एकदाच निघायचं आणि परत यायचं की नाही माहीत नाही. माझ्याकडे ते दूधवाल्यासारखं रोज यायला लागलं, आणि मला तेच जास्त आवडलं. नोआ-१५च्या कॅमेऱ्याची फिरती मोटर म्हातारी झाली होती, मधूनच अडखळायची, मग चित्रात आडवे पट्टे यायचे. त्याची सवय झाली तसं आपणही समजून घ्यायला लागतो. आज गुडघे दुखतायत वाटतं, असं.

ऑगस्ट २०२५मध्ये ते संपलं. जूनमध्ये त्याचा भाऊबंद नोआ-१८ बंद झाला होता, १३ ऑगस्टला नोआ-१९, आणि १९ ऑगस्टला आमचा नोआ-१५. शेवटच्या आठवड्यात मी एकही फेरी चुकवली नाही. २० तारखेला सकाळी सवयीने वर गेलो, दांड्या धरल्या, वेळ झाली. १३७.६२वर काही नव्हतं. उपग्रह तर वरून गेलाच असणार, कक्षा काही कुणाच्या बटणाने बंद होत नाही.

आता या पट्ट्यात नव्याने आलेल्याने रशियाचे मिटिऑर-एम हे हवामान उपग्रह धरावेत, एन२-३ आणि एन२-४. चित्र नोआपेक्षा कितीतरी बारकाव्याचं, एक ठिपका साधारण एक किलोमीटरचा, नोआचा चारचा होता. पण सिग्नल डिजिटल आहे. टिक-टक नाही, नुसता घासल्यासारखा आवाज. पडद्यावर ठिपक्यांचे चार पुंजके जमले की चित्र येतं, विस्कटले की काहीच येत नाही. अर्धवट, मुंग्यांचं, तरीही आपलं असं चित्र यात मिळत नाही. मी म्हातारा झालोय म्हणा हवं तर.

अंतराळ स्थानकाचंही सांगतो. हौशी रेडिओवाल्यांसाठी तिथून अधूनमधून चित्रं पाठवतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर, आवाजाच्या रूपात, एका चित्राला दोन मिनिटं. याला दांड्यासुद्धा नीट लावाव्या लागत नाहीत इतका सिग्नल दणकट येतो. आईला इअरफोन दिला. तिने अर्धा मिनिट ऐकलं, "वर माणसं आहेत ना आत्ता? मग हे मांजर कशाला ओरडतंय?" म्हणाली. वर्णन अगदी चोख आहे.

विमानांवर फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. १०९० मेगाहर्ट्झ, सातेक सेंटिमीटरची तार, विमान आपली जागा स्वतःच सांगत असतं आणि आपल्या नकाशावर सरकतं. खिडकीतून साठ-सत्तर किलोमीटर, गच्चीवरून दोनशेच्या पुढे. पहिला आठवडा वेड लागतं, मग मुलांच्या हवाली करायचं.

माझ्या आतल्या किड्याने खरी उचल खाल्ली ती १४२० मेगाहर्ट्झपाशी. अवकाशातल्या हायड्रोजनची ही फ्रिक्वेन्सी, लांबी २१ सेंटिमीटर. परग्रहावर कुणी असलंच आणि हाक मारावीशी वाटली, तर याच ठिकाणी मारेल असं १९५९मध्ये कोक्कोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं होतं. अवकाशातून आलेला, अजून न उलगडलेला १९७७चा तो ७२ सेकंदांचा प्रसिद्ध 'वॉव' सिग्नलही इथलाच. आणि हा आकडा माझ्या डाँगलच्या पल्ल्यात बसतो! परग्रहवासी राहू देत, आकाशगंगेतला हायड्रोजन तरी दिसावा म्हणून पुठ्ठ्याचं आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं मोठं नरसाळं केलं, त्याच्या निमुळत्या टोकाला पत्र्याचा डबा, डब्यात सव्वापाच सेंटिमीटरची तार, मागे सिग्नल वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. दोन तास आकाशगंगेकडे रोखून बसलो. सपाट रेघ. डबा सोडून पुन्हा जोडला, फॉइल बदललं, स्वतःला लावायचे ते सगळे शब्द लावले. मग लक्षात आलं की अ‍ॅम्प्लिफायरला वीज डाँगलमधूनच जाते आणि ती सॉफ्टवेअरमध्ये टिचकी मारून चालू करावी लागते. ती टिचकी मी मारलीच नव्हती.

दुसऱ्या रात्री मारली. दहा मिनिटांची सरासरी काढल्यावर रेघेवर एक टेंगूळ आलं. अगदी लहान, मच्छर चावल्यावर येतं तेवढं. नरसाळं आकाशगंगेपासून बाजूला फिरवलं, टेंगूळ जवळजवळ बसलं. परत फिरवलं, परत आलं. असं पाच वेळा केलं. नंतर नंतर खात्रीसाठी नव्हे, मजा येत होती म्हणून.

आता तक्रारी. डाँगल तापतो, उन्हाळ्यात फारच. पत्र्याच्या कवचाचा घ्या आणि आत टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा भाग) आहे का बघा. तो नसलेला आधी एका मित्राकडून आणून पाहिला होता, तापला की फ्रिक्वेन्सी घसरत जायची आणि मी तिला डॉप्लर समजून खूश व्हायचो. सॉफ्टवेअर बसवणं ही वेगळी शिक्षा आहे, ड्रायव्हर बदलताना माझा माऊस एकदा मेला. अँटेनाच्या बारीक केबलचा जोड सातव्या महिन्यात ढिला पडला, विक्रेत्याने उत्तर दिलं नाही, मीच डाग दिला. सौरमालेच्या टोकापलीकडे गेलेलं व्हॉयेजर-१ हे यान ऐकू येईल या आशेने कुणी घेऊ नये. त्याचा सिग्नल ८.४ गिगाहर्ट्झवर, इथवर यायलाच त्याला २३ तासांहून जास्त लागतात, आणि तो पकडायला मैदानाएवढी डिश लागते. शिवाय काय ऐकायला परवानगी आहे याचे नियम देशोदेशी वेगळे असतात, ते आधी बघा. हे यंत्र फक्त ऐकतं, पाठवत काहीच नाही, तरीही.

आणि काही गोष्टी कळून पंचाईत होते. ४३३ मेगाहर्ट्झवर सगळ्यांची छोटी छोटी यंत्रं बोलत असतात. सप्टेंबरपासून रोज सकाळी नऊच्या आसपास चार आकडे यायला लागले, टायरमधल्या सेन्सरनी पाठवलेले हवेच्या दाबाचे. ज्या वेळी काकांची गाडी फाटकातून निघते त्याच वेळी. तीन आकडे ३३, चौथा २७. रोज थोडा कमी. गाडीतला दिवा बहुधा एवढ्याला लागत नसावा. सांगावं तर कसं सांगणार, "काका, मी तुमच्या टायरचं ऐकलं"? चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी गच्चीवर भेटले, माझ्या हातात दांड्या. म्हटलं, "काका, गाडी जरा एका बाजूला बसल्यासारखी वाटतेय हो, हवा बघून घ्या."

"अरे हो का? माझ्या नाही आलं लक्षात," म्हणाले. मग दांड्यांकडे बघून, "तुझा टीव्ही अजून नाहीच आला?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून सात मिनिटांनी आकडे आले. ३३, ३३, ३३, ३४.